उंटाच्या घशात टॉन्सिल शोधताना

व्हेटर्नरीच्या पहिल्या वर्षाला आपण सगळे जे टॉन्सिल शिकतो ते गायीचं असतं. घशाच्या बाजूच्या भिंतीत आत रुतलेली एक गाठ, तिच्या मधोमध पोकळी, त्या पोकळीचं एक तोंड घशात उघडतं, बाहेरून बघितलं तर फक्त ते तोंड दिसतं. मग तोंडी परीक्षेसाठी इतर प्राण्यांचे फरक पाठ करायचे. कुत्र्याचं टॉन्सिल एका कप्प्यात बसलेलं असतं आणि त्याला क्रिप्ट, म्हणजे आत शिरणाऱ्या खोल खाचा, नसतात, डुकराचं मऊ टाळूत असतं, घोड्याचं पसरलेलं असतं, उंदराला टॉन्सिलच नसतं. उंट त्या यादीत नसायचाच, निदान आमच्या नोट्समधे तरी नव्हता. परभणीकडे उंट म्हणजे कच्छकडून मेंढरं घेऊन येणाऱ्या रबारी लोकांच्या कळपातला एखाद-दुसरा, पाठीवर खाट आणि भांडीकुंडी लादलेला, बस, एवढीच ओळख.

मी पीजीसाठी बिकानेरला अ‍ॅनाटॉमी घेतलं आणि विषय ठरला उंटाचे टॉन्सिल, म्हणजे ते कुठे असतात, कसे दिसतात आणि मायक्रोस्कोपखाली त्यांची रचना काय असते. घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "अगं, उंटाला पण टॉन्सिल असतात होय?" असतात, आणि एका जागी नसतात, हेच सगळ्यात आधी सांगायला पाहिजे. टॉन्सिल म्हणलं की माणसाच्या घशातल्या त्या दोन गाठी डोळ्यासमोर येतात, पण खरं तर नाकातून आणि तोंडातून आत येणाऱ्या वाटेवर चारही बाजूंनी लिम्फॉइड टिश्यूचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी भरलेल्या ऊतीचं, कडं असतं, जर्मन अ‍ॅनाटॉमिस्ट वाल्डेयर यांच्या नावाने ते ओळखलं जातं. जिभेच्या मुळाशी, घशाच्या बाजूला, मऊ टाळूत, नाकाच्या मागच्या छतावर, कानाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी असे त्याचे वेगवेगळे तुकडे असतात. माझं काम होतं उंटात हे तुकडे एकेक करून गाठणं.

काम कुठे अडतं तर मटेरियलवर. इजिप्त, मोरोक्को, सौदी इकडचे लोक उंटाच्या टॉन्सिलवर काम करतात तेव्हा ते कत्तलखान्यातून ताजी डोकी आणतात, निरोगी जनावर, वय माहीत, आणि अर्ध्या तासात टिश्यू फॉर्मॅलिनमधे. राजस्थानात तसं नाही होत. २०१४ ला उंट राज्यपशू झाला आणि २०१५ च्या कायद्याने त्याची कत्तल बंद झाली, त्यामुळे आपल्याला मिळणार ते नैसर्गिक मेलेलं, अपघातात किंवा आजाराने गेलेलं जनावर, तेही मालकाने पोस्टमॉर्टेमला होकार दिला तर. आणि उंट आहेतच किती आता? २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख होते, २०१९ ला अडीच लाखांवर आले, त्यातले बहुतेक राजस्थानातच. मला हा कायदा चुकीचा वाटतो असं अजिबात नाही, पण या एका गोष्टीमुळे आपल्याकडच्या उंटाच्या हिस्टॉलॉजीचं, म्हणजे टिश्यूच्या मायक्रोस्कोपखालच्या अभ्यासाचं, सगळं गणित बदलतं हे बाहेरून येणाऱ्या मुलांना कुणी सांगत नाही. इथे तुमची खरी लढाई वेळेशी असते.

मेल्यानंतर टिश्यू स्वतःच स्वतःला पचवायला लागतं, ऑटोलिसिस, आणि बिकानेरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना ते किती झपाट्याने होतं ते स्लाइडवर बघितल्याशिवाय कळत नाही. सगळ्यात आधी जातं ते वरचं अस्तर. एपिथेलियमच्या पेशी सुटून गळून पडतात आणि खाली नुसते निळे ठिपके उरतात. टॉन्सिलमधे तर अस्तर आणि त्याच्या खालचं लिम्फॉइड टिश्यू यांचं नातं हाच खरा विषय, म्हणजे अस्तर गेलं की अर्धा थिसिस गेला. म्हणून आमच्याकडे ठरलेलं होतं, मृत्यू कधी झाला ते नक्की कळलं आणि तो काही तासांतला असला तरच हिस्टॉलॉजीसाठी टिश्यू घ्यायचं, नाहीतर ते डोकं फक्त ग्रॉससाठी, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी बघण्यासाठी. हिवाळ्यात जरा सवड मिळते, थंडीत रात्री पारा खूप खाली येतो आणि पहाटे गेलेल्या जनावराचं टिश्यू सकाळी अगदी छान मिळतं. माझ्या चांगल्या स्लाइड जवळपास सगळ्या डिसेंबर-जानेवारीतल्या आहेत.

फोन आला की निघायचं. बॅगमधे काय काय असायचं तर फॉर्मॅलिनच्या बरण्या, सलाइन, नवीन ब्लेड, दोरा, लेबलं, पेन्सिल (पेन नको, अल्कोहोलमधे शाई उडते), डबल ग्लोव्ह्ज, गॉगल, फेसशील्ड. डोक्यावर काम करताना हे सगळं लागतंच कारण या भागात उंटांना रेबीज होतो, आणि रेबीजच्या जनावराची लाळ आणि मेंदू दोन्ही आपल्या हाताशी असतात. लक्षणांमधे चावायला धावणं, गिळता न येणं असलं काही ऐकलं की ते डोकं आम्ही घ्यायचोच नाही. आणि जनावर अचानक गेलं, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळं रक्त आलंय असं असेल तर अँथ्रॅक्सचा संशय, तिथे शवाला ब्लेड लावायचंच नाही. आम्ही डिपार्टमेंटमधले सगळे आधीच रेबीजची प्री-एक्स्पोजर लस घेतलेले, जे अजून घेतलेले नाहीत त्यांनी आधी ती घ्यावी मग ब्लेड हातात घ्यावं, हे मी ज्युनिअर मुलांना अगदी ओरडून सांगते.

एका रायका (उंट पाळणाऱ्या समाजातल्या) बाबांची सांढणी, म्हणजे उंटीण, सर्ऱ्याने गेली होती, रक्तातल्या परजीवीचा हा आजार, तिकडे याला तिबरसा पण म्हणतात, तो आजार जनावराला वर्षानुवर्षं झिजवतो. बाबा शेजारी उकिडवे बसले होते, पागोट्याच्या टोकाने डोळे पुसत होते. माझ्या गाइड सरांनी त्यांना हळूहळू समजावलं की घशातला थोडा भाग पाहिजे, शिकायला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ले लो साब, टाबर पढ़ेंगे।" मुलं शिकतील. ते उठून बाजूला गेले आणि आमचं होईपर्यंत वळून बघितलं नाही. त्या सांढणीचे ब्लॉक (मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे) माझ्याकडे अजून आहेत, त्यातून कापलेल्या सेक्शनमधे, म्हणजे पातळ कापांमधे, मला सगळ्यात स्वच्छ फॉलिकल मिळाले, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गोल पुंजके.

आता डोकं उघडायचं कसं ते. मानेच्या पहिल्या मणक्याच्या आणि कवटीच्या सांध्यातून डोकं वेगळं करायचं. उंटाचं डोकं जड, एकट्याने उचलून टेबलावर ठेवणं अवघड जातं. इथे एक पेच आहे जो पुस्तकात नसतो. ग्रॉससाठी डोकं पक्कं व्हायला पाहिजे म्हणजे कॅरोटिड धमनीतून फॉर्मॅलिन भरायचं आणि मग करवतीने मधोमध उभं कापायचं, म्हणजे नाकाची पोकळी, टाळू, घसा सगळं एका नजरेत दिसतं. काहीजण डोकं डीप फ्रीझरमधे गोठवून कापतात, काप एकदम सरळ येतो हे खरं आहे. पण गोठवलेल्या टिश्यूत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात, सेक्शनमधे नुसती भोकं दिसतात, मग हिस्टॉलॉजीला ते चालत नाही. आणि अख्ख्या डोक्यात फॉर्मॅलिन भरून ठेवलं तर ते आतल्या जाड भागात पोचेपर्यंत ऑटोलिसिस झालेली असते. मग आम्ही करायचो असं की डोकं ताजं असतानाच मधोमध कापायचं, एका अर्ध्या भागातून लगेच टिश्यूचे तुकडे काढायचे आणि दुसरा अर्धा भाग तसाच फॉर्मॅलिनच्या टाकीत, फोटो आणि मापांसाठी. ताजं डोकं करवतीखाली हलतं, मऊ टाळू एका बाजूला सरकतो, म्हणून कापायच्या आधी जीभ दोऱ्याने बांधून खाली ओढून धरायला एक माणूस लागतोच.

गाल उघडला की आधी दिसतात ती गालाच्या आतली मोठमोठी टोकदार पॅपिली, म्हणजे उंचवटे, सगळी घशाच्या दिशेने वळलेली. खेजडी, बोर, बाभळीचे काटे खाणारं जनावर आहे हे त्या गालावरूनच कळतं. मग जिभेच्या मागच्या भागात दोन्ही कडांना मोठी गोल सर्कमव्हॅलेट पॅपिली, चव घेणारी, आणि त्यांच्या मागे जिभेचं मूळ. माझी नजर गायीच्या हिशोबाने एक मोठी गाठ शोधत होती आणि सरांनी माझा हात धरून बोट जिभेच्या मुळावर ठेवलं, म्हणाले डोळे बंद कर आणि बोट फिरव. बोटाखाली लागले ते छोटे छोटे उंचवटे, हरभऱ्याच्या डाळीएवढे, सुटे सुटे, मधे मऊ जागा आणि मग परत उंचवटा. पाण्याने हलकेच धुतलं, टॉर्च तिरपी धरली, तेव्हा प्रत्येक उंचवट्याच्या मधे एक बारीक छिद्र दिसायला लागलं. तेच क्रिप्टचं तोंड. म्हणजे उंटात लिंग्वल टॉन्सिल हा अशा सुट्या गाठींचा समूह आहे आणि प्रत्येक गाठीला स्वतःचं दार आहे. सरळ उजेडात हे बघितलं तर अर्ध्या गाठी दिसतच नाहीत, उजेड बाजूनेच पाहिजे, सावली पडली की उंचवटा कळतो.

घशाच्या बाजूच्या भिंतीतलं पॅलाटाइन टॉन्सिल पण याच धाटणीचं. गायीसारखी एकच मोठी रुतलेली गाठ आणि एकच मोठी पोकळी असं नाही, तर बऱ्याच गाठी एकमेकींना चिकटून, घशाच्या पोकळीकडे फुगून आलेल्या, आणि त्यांची आपापली छिद्रं. ती छिद्रं चिमट्याने जरा फाकवली तर आतून चोथा निघतो, गळालेल्या पेशी, चाऱ्याचे धागे, कधी वाळूचे कण. वाळूचे कण मी इथे मुद्दाम लिहितेय, पुढे मायक्रोटोमवर (पातळ सेक्शन कापायच्या यंत्रावर) त्यांनी काय केलं ते येईलच.

प्रौढ नर उंट असेल तर अजून एक गोष्ट मधे येते. नराच्या मऊ टाळूला एक मोठी पिशवी असते, डुल्ला, थंडीत माजावर आला की तो ती हवेने फुगवून तोंडाच्या बाजूने बाहेर काढतो, लालसर फुगा आणि सोबत तो गडगडणारा आवाज आणि फेस, बिकानेरात डिसेंबर ते फेब्रुवारी हे रस्त्यावर पण बघायला मिळतं. मेलेल्या नराच्या डोक्यात ही पिशवी लोंबून जिभेच्या मुळावर पडलेली असते आणि ती उचलून बाजूला केल्याशिवाय खालच्या गाठी दिसत नाहीत. उंटाचा मऊ टाळू तसाही लांबच असतो. त्याच्या जाडीत म्युकस ग्रंथी ठासून भरलेल्या, आणि अधूनमधून लिम्फॉइड टिश्यूचे पुंजके, ते मात्र वरून बघून कळत नाहीत, त्यासाठी टाळूच्या वेगवेगळ्या जागांचे तुकडे घेऊन सेक्शनच करावे लागतात.

नाकाच्या मागच्या पोकळीच्या छतावर फॅरिंजियल टॉन्सिल. हे मधोमध कापलेल्या डोक्यात चांगलं दिसतं, म्युकोसा (आतलं ओलसर अस्तर) तिथे जाड आणि घड्याघड्यांचा. इथे जिभेवरच्यासारखी छिद्रं शोधत बसू नये, इथे घड्या आणि त्यांच्या मधल्या खाचा हाच प्रकार. आणि कानाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी जो थोडा लिम्फॉइड भाग असतो त्यासाठी त्या फटीचा दोन्हीकडचा काठ घेऊन तुकडा काढायचा, नुसता एका बाजूचा घेतला तर हुकतो.

तुकडे किती मोठे घ्यायचे? तीन ते पाच मिलिमीटर जाड, त्याहून नाही. सगळ्यांना वाटतं मोठा तुकडा घेतला की जास्त माहिती, पण फॉर्मॅलिन आत हळूहळू शिरतं आणि जाड तुकड्याचा मधला भाग कच्चा राहतो. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट, शक्य असेल तर वीसपट. आणि कापताना दिशा महत्त्वाची, क्रिप्टचं छिद्र समोर दिसत असताना ब्लेड त्या छिद्रातून सरळ खाली गेलं पाहिजे, म्हणजे सेक्शनमधे वरच्या तोंडापासून तळापर्यंत अख्खी क्रिप्ट एका चित्रात येते. तिरपं गेलं तर मधे कुठेतरी गोल पोकळी दिसते आणि ती कशाची आहे ते सांगता येत नाही. फॉर्मॅलिनमधे टाकायच्या आधी सलाइनच्या पिचकारीने क्रिप्ट हलकेच धुवायची, बोटाने किंवा कापसाने अजिबात घासायचं नाही, अस्तर निघून येतं.

पुढचं तुम्हाला माहिती असेल, धुणं, सत्तर टक्क्यांपासून चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढणं, झायलीन, मग अठ्ठावन्न ते साठ डिग्रीला वितळलेलं पॅराफिन. यात लिहिण्यासारखं काही नाही, फक्त लिम्फॉइड टिश्यू नाजूक, त्याला अल्कोहोल आणि झायलीनमधे गरजेपेक्षा जास्त ठेवलं की ते ठिसूळ होतं आणि ब्लॉक कापताना चुरा होतो.

मायक्रोटोम मात्र वेगळी गोष्ट. पाच मायक्रॉनची रिबन छान निघत असते आणि अचानक सगळ्या सेक्शनमधे वरून खालपर्यंत एकच उभी रेघ फाटायला लागते. ब्लेड सरकवलं, नवीन भाग वापरला, दोन-चार सेक्शन नीट आले आणि परत रेघ, परत त्याच जागी. कारण काय तर क्रिप्टच्या तळाशी अडकलेला वाळूचा एक कण, तो ब्लेडच्या धारेला खड्डा पाडतो आणि पुढचा प्रत्येक सेक्शन त्या खड्ड्यावरून फाटत जातो. वाळवंटातल्या जनावराच्या टॉन्सिलमधे हे होणारच. हँड लेन्सने ब्लॉकचा चेहरा बघायचा, चमकणारा कण दिसला की सुईच्या टोकाने हळूच उचकटून काढायचा, ब्लेड बदलायचं, पुढे जायचं. लॅबमधले जुने भाईसा हे बघताच ओळखायचे, ते ब्लेडचा आवाज ऐकून सांगायचे की कण आलाय, आणि खरंच यायचा. उन्हाळ्यात अजून एक, खोलीच इतकी गरम की मेण मऊ पडतं आणि सेक्शन चुरगळून गोळा होतात, तेव्हा ब्लॉक बर्फावर ठेवून दोन-तीन सेक्शन, परत बर्फावर, असं करत सकाळी लवकर काम उरकायचं.

मग हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, म्हणजे स्लाइड रंगवायचे नेहमीचे निळा आणि गुलाबी असे दोन रंग. आणि आता खरी मजा.

सगळ्यात कमी पॉवरवर आधी दिसते ती गाठीची बाहेरची रेषा. गुलाबी कनेक्टिव्ह टिश्यूचं एक आवरण गाठीला खालून आणि बाजूंनी धरून आहे, त्याच्याबाहेर म्युकस ग्रंथी आणि स्केलेटल मसलचे आडवे-उभे धागे, जिभेत तर मसल भरपूरच. गाठीच्या मधून क्रिप्ट आत गेलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना निळसर गोल गोल फॉलिकल ओळीने बसलेले. मॅसन ट्रायक्रोम हा दुसरा स्टेन केला की हेच आवरण आणि त्यातून आत शिरलेले पडदे निळे होतात, मसल लाल, आणि मग गाठीचे कप्पे इतके स्पष्ट दिसतात की वेगळं समजावून सांगायची गरजच उरत नाही. रेटिक्युलिनसाठी सिल्व्हर स्टेन केला तर फॉलिकलच्या कडेने काळ्या बारीक तंतूंचं जाळं दाट, मधे विरळ.

पॉवर वाढवली की फॉलिकलमधे मधला भाग फिकट आणि एका बाजूला गडद टोपी. फिकट भाग म्हणजे जर्मिनल सेंटर, तिथे बी लिम्फोसाइट विभागत असतात, मोठे फिकट न्यूक्लियस, मधेच विभाजनाच्या अवस्थेतली पेशी, आणि मेलेल्या पेशींचे तुकडे गिळून बसलेले मॅक्रोफेज. गडद भाग म्हणजे छोट्या लिम्फोसाइटची गर्दी. दोन फॉलिकलच्या मधल्या जागेत टी पेशी जास्त, आणि तिथेच त्या खास रक्तवाहिन्या असतात ज्यांचं आतलं अस्तर चपटं नसून उंच, जाडसर असतं. रक्तातले लिम्फोसाइट याच भिंतींमधून टॉन्सिलमधे शिरतात. टॉन्सिलकडे लिम्फ आणणाऱ्या नळ्या नसतात ना, लिम्फ नोडला असतात तशा, टॉन्सिलमधून लिम्फ फक्त बाहेर जातं. म्हणजे त्याला बातमी लिम्फमधून मिळत नाही, ती थेट घशातून, क्रिप्टच्या अस्तरातून घ्यावी लागते. यासाठीच ते अस्तर टिकवायचा एवढा आटापिटा.

आणि अस्तर टिकलेली ती हिवाळ्यातली स्लाइड मी किती वेळ बघत बसले होते सांगता येत नाही. वर, तोंडाकडे, स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस एपिथेलियम जाड, थरावर थर, नीटनेटकं. क्रिप्टच्या तोंडातून आत उतरत गेलं की थर कमी होत जातात, मधेमधे लिम्फोसाइट घुसलेले, आधी एखाद-दुसरा, मग पाच-सहा, आणि तळाशी तर एपिथेलियम कुठे संपतं आणि लिम्फॉइड टिश्यू कुठे सुरू होतं ते ठरवता येत नाही, खालची सीमारेषाच विस्कटलेली. पोकळीत लिम्फोसाइट, गळालेल्या पेशी, चाऱ्याचा एक आडवा कापला गेलेला धागा, त्याच्या भोवती बॅक्टेरियांचे पुंजके. बाहेरचं जग आणि शरीराची संरक्षण यंत्रणा एका पेशीच्या अंतरावर, समोर. उंट रवंथ करणारं जनावर आहे, गिळलेला घास परत तोंडात येतो आणि परत खाली जातो, म्हणजे या गाठींसमोरून तोच घास पुन्हा पुन्हा जातो, त्यात काय काय आलंय ते तपासायची संधी त्यांना एकापेक्षा जास्त वेळा मिळते. हा माझा विचार आहे, कुठे वाचलेला नाही, पण स्लाइड बघताना तो डोक्यातून जात नाही.

फॅरिंजियल टॉन्सिलचं चित्र वेगळं. तिथे वाट हवेची, म्हणून अस्तर श्वसनमार्गाचं, स्यूडोस्ट्रॅटिफाइड, सिलिया (बारीक हलणारे केस) असलेलं, मधे म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी. पीएएस आणि अल्शियन ब्लू हे म्युकस रंगवणारे स्टेन केले की या गॉब्लेट पेशी आणि खालच्या ग्रंथी उठून दिसतात. फॉलिकलच्या अगदी वर मात्र गॉब्लेट पेशी कमी होतात, सिलिया विरळ होतात आणि तिथे परत लिम्फोसाइट आत शिरलेले. सिलिया हा ताजेपणाचा सगळ्यात कडक परीक्षक आहे, टिश्यू थोडं जरी शिळं झालं तरी ते आधी जातात. स्लाइडवर सिलिया उभे दिसले की बाकीच्या सगळ्या निरीक्षणांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवते.

लोक विचारतात, याचा उपयोग काय. उंट आजारी पडून मरत असताना त्याच्या घशातल्या गाठी मोजून काय मिळणार. मला यावर मनापासून बोलावंसं वाटतं. २०१२ ला सौदीत मर्स कोरोनाव्हायरस सापडला, माणसात तो फार घातक ठरला, आणि नंतर कळलं की एक वशिंडाच्या उंटांमधे तो आरामात फिरत असतो, उंटाला फार तर सर्दी होते. तो वाढतो कुठे तर नाकात आणि घशाच्या वरच्या भागात, म्हणजे बरोबर त्याच दारात जिथे हे टॉन्सिल बसलेत. त्या दारावर नॉर्मल काय असतं तेच माहीत नसेल तर आजारात काय बदललं ते कुणी कसं सांगणार? आणि दुसरी गोष्ट, १९९३ ला ब्रसेल्सच्या लोकांनी दाखवलं की उंटाच्या रक्तात नेहमीच्या अँटीबॉडीशिवाय अशा पण अँटीबॉडी असतात ज्यांना हलकी साखळीच नसते, नुसत्या जड साखळ्या. त्यातूनच पुढे नॅनोबॉडी आल्या, आणि कॅप्लासिझुमॅब नावाचं रक्ताच्या एका दुर्मिळ आजारावरचं औषध २०१८ ला युरोपात मंजूर झालं. बिकानेरमधे तर फुरशाच्या विषावर उंटात अँटीव्हेनम तयार करण्याचं काम झालेलं आहे. या सगळ्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी ज्या जर्मिनल सेंटरमधे घडतात आणि निवडल्या जातात, ती माझ्या स्लाइडवर समोर आहेत, आणि आपल्याच देशातल्या जनावरातली आहेत. मला तरी हे काम छोटं वाटत नाही.

वयाचा फरक पण बघण्यासारखा. टोरड्यामधे, म्हणजे पिलामधे, फॉलिकल ठासून भरलेले आणि जर्मिनल सेंटर मोठी, कारण त्याला आईच्या पोटात अँटीबॉडी मिळत नाहीत, उंटिणीच्या वारेतून त्या जात नाहीत, सगळं चिकातून यायचं आणि मग स्वतःच बनवायचं. म्हाताऱ्या जनावरात फॉलिकल विरळ, त्यांच्या जागी कनेक्टिव्ह टिश्यू आणि चरबी वाढलेली. पण इथे जपून बोलावं लागतं, कारण आमची जनावरं बहुतेक आजाराने गेलेली, सर्ऱ्यासारख्या लांबलेल्या आजारात लिम्फॉइड टिश्यू बदलतं, मग हे वयामुळे झालं का आजारामुळे हे एका स्लाइडवरून ठरवता येत नाही. म्हणून मी प्रत्येक ब्लॉकसोबत पोस्टमॉर्टेमचा निष्कर्ष, रक्ताचा स्मिअर आणि मृत्यूपासून फॉर्मॅलिनपर्यंत गेलेला वेळ लिहून ठेवते, आणि अपघातात गेलेल्या जनावरांचे ब्लॉक वेगळ्या डब्यात. रस्त्यावर ट्रकने उडवलेले उंट रात्री-अपरात्री येतात, जीव तुटतो ते बघून, पण निरोगी टिश्यू म्हणून तेच सगळ्यात भरवशाचं.

सध्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री चालू आहे, म्हणजे अँटीबॉडी वापरून ठरावीक पेशी रंगवणं, इथे टी पेशींवरच्या सीडी थ्री या प्रथिनावरून टी पेशी रंगवायच्या. उंटासाठी खास अँटीबॉडी सहज मिळत नाहीत म्हणून माणसासाठी बनवलेली पॉलिक्लोनल वापरतोय, ती बऱ्याच प्राण्यांत चालते. प्रत्येक बॅचला उंटाच्याच लिम्फ नोडचा एक सेक्शन कंट्रोल म्हणून लावायचा, आणि एका स्लाइडवर प्रायमरी अँटीबॉडी टाकायचीच नाही. कुणाला हे काम पुढे न्यायचं असेल, विशेषतः कच्छच्या पाण्यात पोहणाऱ्या खराई उंटांमधे, तर ब्लॉकच्या वहीचा नमुना आणि टिश्यू घ्यायच्या जागांचे फोटो मी देईन. जिभेच्या मुळाचा तुकडा घेताना सर्कमव्हॅलेट पॅपिलीच्या मागून सुरुवात करून एपिग्लॉटिसच्या (श्वासनळीवरच्या झाकणाच्या) पायापर्यंत अख्खी पट्टी घ्या, अर्धी घेऊ नका, शेवटच्या गाठी अगदी मागे असतात.